टर्बो बसवायचा की नाही: स्पोर्ट्स कारच्या मालकासाठी सगळा हिशेब

बिनटर्बोची स्पोर्ट्स कार घेतली की वर्ष-दोन वर्षांत डोक्यात एक किडा वळवळायला लागतो. गाडी वळणावर झकास चालते, गिअर टाकायला मजा येते, पण सरळ रस्ता आला की एखादी साधी टर्बोवाली हॅचबॅक शेजारून निघून जाते. मग किट शोधणं सुरू होतं. जाहिरातीत वाढलेले एचपी असतात, किंमत असते, आणि एकाला दुसऱ्याने भागलं की सौदा स्वस्तच वाटतो.

हा भागाकार फसवा आहे. टर्बो म्हणजे दोन पंखे, एक दांडा आणि त्याभोवतीचं घर: एक पंखा (टर्बाइन) एक्झॉस्टच्या वायूने फिरतो, दुसरा (कंप्रेसर) इंजिनात हवा दाबून भरतो. खरा पैसा जातो तो त्यामुळे वाढलेली उष्णता आणि वाढलेला टॉर्क (फिरवणारा जोर) झेलण्यात. त्यामुळे ‘किती ताकद वाढेल’ हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि ‘ती ताकद गाडीतला कुठला भाग झेलणार’ यापासून सुरुवात करा. पुढचा सगळा हिशेब त्याच क्रमाने मांडला आहे.

पायरी १: नेमकं कमी काय पडतंय?

‘गाडी हळू आहे’ या तक्रारीत दोन-तीन वेगवेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. कुणाला मधल्या आरपीएमवर पिकअप नसल्याचा त्रास असतो, कुणाला वरच्या वेगात दम कमी पडतो, आणि कुणाचा खरा घोळ जुन्या टायरांत असतो.

टोयोटा ८६ आणि सुबारू बीआरझेड ही जोडी इथे उत्तम उदाहरण आहे. २०१२च्या पहिल्या पिढीत २ लिटरचं, साधारण २०० एचपीचं इंजिन होतं आणि ४००० आरपीएमच्या आसपास टॉर्कमध्ये खड्डा होता. मालकांची वर्षानुवर्षं एकच मागणी: टर्बो द्या. पुढची पिढी आणताना दोन्ही कंपन्यांनी टर्बो न देता इंजिनच २.४ लिटरचं केलं. कमाल टॉर्क आधी ६४०० आरपीएमवर मिळायचा, तो ३७०० वर आला आणि खड्डा बुजला. एचपी फार वाढले नाहीत, तरी गाडी चालवताना पडणारा फरक मोठा होता. म्हणजे लोकांना खुपत होता तो मधला टॉर्क.

तुमचीही तक्रार मधल्या आरपीएमची असेल तर आधी दोन स्वस्त गोष्टी तपासा. चांगला रीमॅप (इंजिनाच्या संगणकाच्या सेटिंगमधला बदल) आणि योग्य हेडर (एक्झॉस्टच्या सुरुवातीच्या नळ्या) यांनी असा खड्डा बऱ्याच इंजिनांत कमी होतो. चाकांना ताकद वाटणाऱ्या डिफरन्शिअलचं गिअर-गुणोत्तर थोडं आखूड केलं तर प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा टॉर्क वाढतो आणि इंजिनला हातही लावावा लागत नाही. हायवेवर आरपीएम थोडे चढे राहतात, एवढाच तोटा. आणि ट्रॅकवर लॅप टाइम कमी करायचा असेल तर टायर, ब्रेक पॅड आणि चांगल्या प्रशिक्षकाबरोबरचे काही तास यांत घातलेला पैसा टर्बोपेक्षा आधी फळ देतो. हे ऐकायला कुणालाच आवडत नाही, मला ठाऊक आहे.

एवढं करूनही ‘मला सरळ रस्त्यावर जोर हवाच’ असं मन म्हणत असेल तर पुढे वाचा. ती इच्छा अगदी रास्त आहे.

पायरी २: कागदावर किती मिळतं, प्रत्यक्षात किती

वातावरणाचा दाब समुद्रसपाटीला सुमारे १ बार, म्हणजे १४.७ पीएसआय. टर्बोने त्यावर ०.५ बार, साधारण ७ पीएसआय बूस्ट दिला की दाब दीडपट होतो. दीडपट हवा, दीडपट इंधन, दीडपट ताकद: जाहिरातीतलं गणित इथेच थांबतं.

पण हवा दाबली की तापते. आत येणारी हवा २७ अंश सेल्सिअस आणि कंप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली तर दीडपट दाबाला ती ८० अंशांच्या आसपास तापून बाहेर पडते. गरम हवा विरळ असते, म्हणून प्रत्यक्षात हवेचं वजन दीडपट न होता, दीड रुपयाऐवजी सव्वा रुपया हाती आल्यासारखं, नेमकं सांगायचं तर १.२८ पट होतं. इंटरकूलरने तीच हवा ४५ अंशांवर आणली तर आकडा १.४१ पर्यंत चढतो. इंटरकूलरशिवायचं किट स्वस्त का असतं आणि ते का घेऊ नये, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे. शिवाय गरम हवेने नॉकिंगची (मिश्रण अवेळी पेटण्याची, पायरी ३ मध्ये सविस्तर) भीती वाढते, ते वेगळंच.

१.४१ मधूनही थोडी कपात करायची. इंटरकूलर आणि पाइपांमध्ये थोडा दाब गळतो, टर्बाइनमुळे एक्झॉस्टला अडथळा होतो, नॉकिंग टाळायला इग्निशन टायमिंग मागे घ्यावं लागतं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा द्यावी लागते. हे सगळं वजा केल्यावर अर्ध्या बारला ३० ते ४० टक्के वाढ मिळाली तर काम नीट झालं म्हणायचं. २०० एचपीची गाडी २६० ते २८० वर जाईल. कुणी याच बूस्टवर ३२० सांगत असेल तर त्याला डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद मागा.

तुम्ही उंच प्रदेशात राहत असाल तर टर्बोच्या बाजूने एक मुद्दा जास्त धरा. समुद्रसपाटीपासून २००० मीटरवर हवेचा दाब जवळजवळ पाचव्या हिश्श्याने कमी असतो आणि बिनटर्बोचं इंजिन तेवढी ताकद सरळ गमावतं. टर्बो ही तूट बऱ्यापैकी भरून काढतो. विमानांच्या इंजिनांत टर्बो इतक्या लवकर आला तो याच कारणाने.

पायरी ३: इंजिन त्या लायकीचं आहे का?

आधी कॉम्प्रेशन रेशो बघा, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते. तो ९ च्या आसपास किंवा खाली असेल तर इंजिन कमी बूस्ट आनंदाने घेतं. १० ते ११ मध्ये चांगलं पेट्रोल आणि काळजीपूर्वक ट्यूनिंग लागतं. १२ च्या वर गेलात की चुकीला जागाच उरत नाही. टोयोटा ८६च्या २ लिटर इंजिनाचा रेशो १२.५ आहे. तरीही लोक त्याला टर्बो लावतात, कारण त्यात इंधन थेट सिलिंडरमध्येही फवारलं जातं आणि त्याच्या वाफेने मिश्रण थंड राहतं. पण तिथेही बूस्ट थोडाच ठेवावा लागतो.

हा धडा फार जुना आहे. १९०५ मध्ये आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरने टर्बोचं पेटंट घेतलं, पण तो पेट्रोलच्या प्रवासी गाडीत यायला १९६२ उजाडलं. त्या वर्षीच्या ओल्ड्समोबिल जेटफायरमध्ये ३.५ लिटरचं व्ही-८ इंजिन होतं आणि रेशो चक्क १०.२५. नॉकिंग होऊ नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण आत फवारायची सोय केली होती. त्याची टाकी रिकामी झाली की बूस्ट आपोआप कमी व्हायचा. मालक टाकी भरायला विसरायचे, गाडी मंदावायची, तक्रारी यायच्या. शेवटी पुष्कळ गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवला गेला. कारखान्याने बसवलेल्या टर्बोची ही गत, तर बाहेरून बसवलेल्याला किती जपावं लागेल याचा अंदाज करा.

नॉकिंग म्हणजे नेमकं काय? ठिणगीने पेटलेली ज्योत पोहोचायच्या आत सिलिंडरच्या कोपऱ्यातलं मिश्रण उष्णतेने आणि दाबाने एकदम पेटतं. दाबाचा झटका पिस्टनवर बसतो. साध्या इंजिनातले ओतीव पिस्टन अशा वेळी बहुधा रिंगांच्या मधल्या पट्टीवर तुटतात. जोरदार नॉकिंग असेल तर हे घडायला काही सेकंद पुरतात, आणि बूस्टमध्ये एक्झॉस्टचा आवाज एवढा असतो की चालकाला काही ऐकू येत नाही. (जाड हेड गॅस्केट घालून रेशो उतरवायचा सल्ला कुणी दिला तर टाळा. त्याने पिस्टन आणि हेडमधली मिश्रण घुसळणारी अरुंद जागा बिघडते आणि नॉकिंग उलट वाढू शकतं.)

रेशो ठीक असला तरी इंजिनाची प्रकृती बघायला हवी. कॉम्प्रेशन टेस्टमध्ये सिलिंडरांत १० टक्क्यांहून जास्त फरक नसावा. त्याहून जास्त सांगते ती लीक-डाउन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाबाने हवा भरून किती गळते ते मोजणारी): गळती ५ ते १० टक्क्यांत असेल तर उत्तम, २० च्या पुढे असेल तर टर्बोचा विषय तिथेच मिटवा आणि आधी इंजिन उघडा. इंजिन ऑइल पीत असेल तरीही तेच, कारण ज्वलनकक्षात शिरलेलं ऑइल पेट्रोलची नॉकिंगला तोंड द्यायची ताकद कमी करतं.

माझं मत सरळ आहे: या दोन टेस्ट न करता जो मेकॅनिक टर्बो बसवायला तयार होतो, त्याच्याकडे गाडी सोडू नका.

पायरी ४: इंजिनाच्या मागे काय आहे?

गिअरबॉक्स मोडतो तो टॉर्कने. एचपी म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. तीच ताकद चढ्या आरपीएमवर मिळाली तर टॉर्क कमी लागतो, खालच्या आरपीएमवर मिळाली तर जास्त. बिनटर्बोच्या स्पोर्ट्स कारचा गिअरबॉक्स बहुतेक वेळा चढ्या आरपीएमच्या, बेताच्या टॉर्कच्या इंजिनासाठी बनवलेला असतो. २०५ न्यूटन-मीटरच्या इंजिनाला ४० टक्के वाढ दिली की टॉर्क २८५ च्या घरात जातो, आणि तोही एकदम, साडेतीन-चार हजारांवर, चौथ्या गिअरमध्ये. कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकवणारा आणि गिअरचे दाते कातरणारा क्षण हाच.

पहिल्या पिढीच्या माझ्दा एमएक्स-५ वाल्यांना हे पाठ आहे. इंजिन दणकट, रेशो ९.४, टर्बोला एकदम अनुकूल, पण ५ गिअरचा बॉक्स जास्त टॉर्कला मान टाकतो. उलट होंडा एस२००० च्या इंजिनाचे रॉड ९००० आरपीएमचा ताण सोसायला बनवलेले. तिथे अडचण येते ती ११ च्या पुढच्या रेशोची. प्रत्येक मॉडेलचा एक ठरलेला दुखरा भाग असतो. तुमच्या मॉडेलचा कुठला, हे त्या गाड्या वर्षानुवर्षं खोलणाऱ्या मेकॅनिकला विचारा. तो भाग किती टॉर्क सोसतो तो आकडा घ्या, त्यातून १५ टक्के कमी करा आणि ती तुमची मर्यादा. बूस्ट किती ठेवायचा हे त्या मर्यादेवरून ठरतं, टर्बो किती देऊ शकतो त्यावरून नव्हे.

क्लच मात्र बहुतेक गाड्यांत बदलावाच लागतो. तो यादीत धरूनच चला.

पायरी ५: पूर्ण बिल

किटमध्ये साधारणपणे टर्बो, मॅनिफोल्ड (इंजिनाचा एक्झॉस्ट टर्बोला जोडणारा भाग), वेस्टगेट (बूस्ट मर्यादेत ठेवणारी झडप), पाइप, इंटरकूलर आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह (पेडल सोडल्यावर अडकलेला दाब सोडणारी झडप) येतात. जे येत नाही, किंवा येतं पण अर्धवट, ते खरं बिल.

इंधनाचं गणित स्वतः करून बघा, अवघड नाही. टर्बो पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना दर एचपीला तासाला साधारण ०.२७ किलो पेट्रोल पितं. २८० एचपीसाठी तासाला सुमारे ७६ किलो, चार इंजेक्टरांत वाटलं तर प्रत्येकी १९. इंजेक्टर ८० टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नसतो, म्हणून क्षमता धरायची जवळजवळ २४ किलो. पेट्रोलची घनता ०.७४ धरली तर मिनिटाला ५३५ सीसी. मूळ २०० एचपीच्या गाडीतले इंजेक्टर तीनशे-साडेतीनशे सीसीचे असू शकतात. म्हणजे नवे इंजेक्टर आले, आणि पंपही तपासायला आला. किटमधले इंजेक्टर या आकड्यापेक्षा लहान असतील तर जाहिरातीतला एचपीचा आकडा खोटा आहे, एवढं नक्की. थेट सिलिंडरमध्ये फवारणी असलेल्या इंजिनांत हे काम जास्त महाग आणि जास्त किचकट असतं.

मग ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक. मूळ ईसीयू रीमॅप होतो का, की वेगळा लावावा लागतो? मूळ मॅप सेन्सर (इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) बऱ्याचदा वातावरणाच्या दाबापर्यंतच वाचतो. बूस्ट त्याला दिसतच नाही, म्हणून तो बदलावा लागतो. जोडीला वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर हवाच: बूस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण ११.५ ते १२ च्या दरम्यान आहे ना, हे त्याशिवाय कळत नाही. एक पायरी थंड (उष्णता लवकर सोडणारे) स्पार्क प्लग, आणि त्यांची फट थोडी कमी केलेली. हे स्वस्त आहे, पण विसरलं तर बूस्टमध्ये मिसफायर होतं आणि लोक महिनाभर भलतीकडेच शोधत बसतात.

ऑइलची बाजूही बघा. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि ऑइलच्या पातळ थरावर तरंगतो. टर्बोतून बाहेर पडणारं ऑइल फेसाळलेलं असतं आणि फक्त उतारामुळे खाली येतं. परतीची नळी रुंद, सतत उताराची आणि संपमधल्या (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीतल्या) ऑइलच्या पातळीच्या वर जोडलेली हवी. ही नळी वाकडीतिकडी बसली की ऑइल साचतं, सीलमधून गळतं, एक्झॉस्टमधून निळा धूर येतो, आणि टर्बो खराब निघाला म्हणून चांगला टर्बो फेकला जातो. संपला भोक पाडून जोडणी करायची मजुरी बिलात धरली आहे का, ते विचारा.

उष्णता हा शेवटचा आणि सगळ्यात कमी लेखला जाणारा खर्च. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी जेवढी चाकांकडे जाते, ढोबळमानाने तेवढीच रेडिएटरकडेही जाते. रस्त्यावर पूर्ण जोर दहा-बारा सेकंद टिकतो, म्हणून निभावतं. ट्रॅकवर वीस मिनिटं तोच जोर, आणि समोर इंटरकूलरने अडवलेली हवा. तिथे मोठा रेडिएटर, ऑइल कूलर, टर्बोभोवतीचं हीट शील्ड आणि जवळच्या वायरी व नळ्यांना आवरण, हे सगळं लागतं. ट्रॅकवरच गाडी चालवायची असेल तर माझा कल टर्बोच्या विरुद्धच असतो. तिथे पैसा जोर वाढवण्यापेक्षा गाडी थंड ठेवण्यातच जास्त जातो.

यात मजुरी, डायनोचा वेळ, वाढीव विमा आणि गाडी उभी राहील त्या काळातली दुसऱ्या वाहनाची सोय मिळवा. हे सगळं जोडायच्या आधीचा माझा ठोकताळा असा: चांगल्या किटची जी किंमत, तिच्या दुप्पट एकूण खर्च, आणि वर पाचवा हिस्सा राखीव. किट स्वस्त घेतलं म्हणून हा दुप्पटीचा आकडा खाली येत नाही. तडकणारे मॅनिफोल्ड आणि अडकणारे वेस्टगेट बदलण्यात बचत परत जाते.

पायरी ६: गाडी विकली तर?

हा हिशेब बहुतेक जण करतच नाहीत, आणि निर्णय बहुधा इथेच होतो. आकडे समजुतीपुरते घेऊ. तुमची गाडी आज मूळ अवस्थेत १०० एककांना विकली जाते. टर्बोचा एकूण खर्च ६०. इंजिन गेलं तर बांधणीला ४०, आणि ते जायची शक्यता चारात एक धरली तर १०. वर, बदल केलेल्या गाडीला गिऱ्हाईक कमी मिळतं, म्हणून विकताना १० कमी. टर्बोचा खरा खर्च ८०.

दुसरीकडे, कारखान्यातूनच टर्बो आलेली, तेवढ्याच ताकदीची जुनी गाडी १६० ला मिळत असेल तर वरची रक्कम फक्त ६०. आणि त्यात दणकट गिअरबॉक्स, मोठे ब्रेक, योग्य रेडिएटर आधीच आहे. २० एककं जास्त देऊन आपण काय घेतोय, तर आपल्या हातातल्या या गाडीची ओढ. ती ओढ २० ची आहे का, हे फक्त तुम्हीच सांगू शकता. मला स्वतःला हलक्या, दोन सीटच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीसाठी ती रक्कम पटते. जड कूपेसाठी नाही.

तुमचे खरे आकडे घालून हा हिशेब करा. इंजिन जायची शक्यता प्रामाणिकपणे धरा: बूस्ट कमी, ट्यूनर (ईसीयूची सेटिंग जुळवणारा) चांगला, वापर रस्त्यावरचा असेल तर ती कमी, ट्रॅक आणि दुप्पट ताकदीचा हट्ट असेल तर दोनात एक धरली तरी जास्त नाही. ताकद दुप्पट हवी असेल तर हे गणित जवळजवळ कधीच टर्बोच्या बाजूने लागत नाही, कारण तिथे फोर्ज्ड (घडीव) पिस्टन-रॉड, गिअरबॉक्स, डिफरन्शिअल सगळंच बदलायला येतं.

सुपरचार्जरचा विचारही याच पायरीवर करा. तोही हवा दाबतो, पण एक्झॉस्टऐवजी इंजिनाच्या पट्ट्यावर चालतो, थोडी ताकद स्वतःच खातो, पण सेंट्रिफ्यूगल (टर्बोसारख्याच पंख्याच्या) प्रकारात टॉर्क आरपीएमबरोबर हळूहळू चढवतो, एक्झॉस्टच्या बाजूला आगीचा गोळा नसतो आणि बसवायला सुटसुटीत. गिअरबॉक्स नाजूक असलेल्या गाडीला मी सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जर आधी सुचवेन.

पायरी ७: कायदा, विमा, वॉरंटी

तीन फोन करायचे, पैसे द्यायच्या आधी. गाडी नोंदणी कार्यालयाच्या नियमांत इंजिनातला असा बदल बसतो का आणि प्रदूषण चाचणीत गाडी टिकेल का, विमा कंपनी लेखी मान्यता देते का, आणि वॉरंटी शिल्लक असेल तर तिचं काय होईल. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर उघडकीला येतो. एकाही ठिकाणी उत्तर ‘नाही’ आलं तर वरचा सगळा हिशेब बाजूला राहतो.

पायरी ८: ठरलंच, तर क्रम असा ठेवा

आधी ट्यूनर ठरवा, मग किट. उलट केलं की ट्यूनरला नको असलेला ईसीयू आणि इंजेक्टर गळ्यात पडतात. त्याने तुमच्याच इंजिनावर केलेल्या, निदान दोन वर्षं चालत असलेल्या गाड्या दाखवायला सांगा आणि त्यांच्या मालकांशी बोला.

टर्बो लहान निवडा. मोठ्याचा कमाल आकडा डोळ्यांत भरतो, पण रस्त्यावर तुम्ही ज्या आरपीएममध्ये असता तिथे तो झोपलेला असतो. जुना टर्बो घेत असाल तर दांडा बोटांनी हलवून बघा: आडवा किंचित हलला तर चालतं, पुढे-मागे जाणवेल इतका हलला तर परत करा.

टर्बोच्या आधी क्लच, कूलिंग, इंधन आणि मीटर बसवा. या गोष्टी लावून गाडी महिनाभर बिनटर्बोची चालवली तर त्यांतल्या चुका वेगळ्या पकडता येतात. काढलेले मूळ भाग नाव लिहून, पेटीत जपून ठेवा. गाडी विकताना ते परत बसवता आले तर वरची १० एककं वाचतात.

पहिले हजार किलोमीटर वेस्टगेटच्या स्प्रिंगवरच, म्हणजे कमीत कमी बूस्टवर चालवा. मॅनिफोल्डचे नट दोनदा गरम-थंड झाल्यावर पुन्हा आवळा, ऑइल बदला आणि जुनं ऑइल गाळून त्यात चमकणारे कण आहेत का बघा, प्लग काढून त्यांच्या टोकांवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसतात का तपासा. ठिपके दिसले तर ते पिस्टनचे आहेत. गाडी तिथेच थांबवून ट्यूनरला बोलवा. यापुढे ऑइल मूळ वेळापत्रकाच्या निम्म्या अंतराने बदलायचं. बूस्ट वाढवायचा विषय हे सगळं स्वच्छ निघाल्यावरच काढा, आणि पायरी ४ मध्ये काढलेल्या टॉर्कच्या मर्यादेचा आकडा ट्यूनरला लेखी देऊन.